अनुदान, अटी आणि स्वयंसेवी संस्था : जयपूरचा अनुभव

११ व १३ मे १९९८ रोजी राजस्थानातील पोखरण येथे भारताने अणुचाचण्या केल्या. त्यांचे परराष्ट्र धोरणावर झालेले परिणाम आपण अभ्यासतो. परंतु त्याच राज्यातील प्राथमिक शिक्षणावर त्यांचा काय परिणाम झाला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. जयपूर येथे मुख्यालय असलेली ‘लोक जुंबिश परिषद’ १९९२ पासून गावागावांत शाळा मानचित्रण, प्रेरक दले आणि सहज शिक्षण केंद्रे यांच्या साह्याने प्राथमिक शिक्षणाचे काम करीत होती. ‘जुंबिश’ म्हणजे हालचाल. या हालचालीचा खर्च स्वीडनची विकास संस्था ‘सिडा’, केंद्र सरकार आणि राजस्थान सरकार यांनी ३ : २ : १ या प्रमाणात उचलला होता. म्हणजे निम्मा भार परकीय अनुदानाचा होता. कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू होण्याच्या बेतात असतानाच अणुचाचण्यांच्या निषेधार्थ स्वीडनने भारताबरोबरचे विकास सहकार्य थांबवले आणि लोक जुंबिशचा हा आधार नाहीसा झाला. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास विभागाने मदतीचा हात दिला व काम चालू राहिले. कालांतराने ते सर्व शिक्षा अभियानाच्या प्रवाहात मिसळले.

या प्रसंगात लोक जुंबिशचा दोष काय होता? हिशेब चुकला नव्हता, कामही थांबले नव्हते. दात्याने पैसा थांबवला त्याचे कारण कामाच्या पूर्णतः बाहेरचे होते. अनुदानाविषयीच्या पुस्तकी चर्चेत प्रस्ताव कसा लिहावा आणि निधी कोठे मिळतो यावर भर असतो. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारावयास हवा : कोणत्या प्रकारचा पैसा संस्थेला कोणत्या प्रकारची संस्था बनवतो? गेल्या चार दशकांत निधीचे स्रोत वाढले आहेत. दुर्मीळ आहे तो संस्थेला स्वतःच्या पायावर उभी ठेवणारा, अटींनी न बांधलेला पैसा. या दृष्टीने जयपूर व त्याच्या आसपासच्या संस्थांचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. कारण अनुदान घेणाऱ्या, मिश्र निधीवर चालणाऱ्या आणि अनुदान सर्वथा नाकारणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या नामवंत संस्था येथे शेजारी शेजारी वाढल्या.

अनुदान म्हणजे काय?

मराठी वाचकाला ‘अनुदान’ हा शब्द प्रथम भेटतो तो अनुदानित शाळेच्या संदर्भात. त्यामुळे अनुदान म्हणजे शासनाने नियमितपणे द्यावयाचे वेतन, असा समज आपल्याकडे रूढ आहे. स्वयंसेवी संस्थांच्या बाबतीत अर्थ वेगळा आहे. देणगी ही दात्याच्या इच्छेने दिलेली रक्कम असते, कर्ज परत करावयाचे असते, आणि अनुदान या दोहोंच्या मध्ये असते : ते परत करावयाचे नाही, परंतु ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या रीतीने खर्च केले नाही, तर परत करावे लागते.

केंद्र सरकारच्या सहायक अनुदानाचे नियमन ‘सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७’ करतात. त्यांतील काही तरतुदी संस्थेच्या चालकांना चांगल्याच जाणवतात. खासगी व स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या सदस्यांना अनुदान मिळण्यापूर्वी बंधपत्र लिहून द्यावे लागते. त्यानुसार अटींचा भंग झाल्यास रक्कम वार्षिक १० टक्के व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्यांच्यावर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही येते. अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते. अनुदानाच्या रकमेवर बँकेत जे व्याज जमेल, ते भारताच्या संचित निधीत भरावे लागते. हप्ता उशिरा आला आणि संस्थेने उसनवारी करून शिक्षकांचे पगार भागवले, तर त्या उसनवारीवरचे व्याज मात्र कोणी देत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू सार्वजनिक पैशाचे रक्षण हाच असतो, यात शंका नाही. पण विलंबाची किंमत एकाच पक्षाने सोसावी अशी ही रचना आहे, हेही नोंदवले पाहिजे.

अनुदानासाठी संस्थेला कायदेशीर अस्तित्व लागते. राजस्थानात १९५८ च्या राज्य कायद्याखाली सोसायटीची नोंदणी होते आणि ते काम सहकार विभागाच्या निबंधकाकडे आहे. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली, तरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही जावे लागते. तिसरा मार्ग २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ चा आहे. याखेरीज नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ या संकेतस्थळावरील ओळख क्रमांक शासकीय अनुदानासाठी आवश्यक ठरला आहे. देणगीदारांना करसवलत मिळावी यासाठी प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी लागते. १९६१ च्या कायद्यातील १२ अ व ८० ग या कलमांनी ती ओळखली जात असे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत.

कापार्टचा उदय आणि अस्त

सातव्या पंचवार्षिक योजनेत (१९८५-९०) ग्रामीण विकासाच्या कामी स्वयंसेवी संस्थांना स्पष्ट स्थान देण्यात आले. या विचारामागे राजस्थानातील एका संस्थेचा अनुभव उभा होता. अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये ‘सामाजिक कार्य व संशोधन केंद्र’ स्थापन केले होते आणि सातव्या योजनेच्या काळात ते नियोजन आयोगाचे सल्लागार म्हणून काम करीत होते. १९८६ मध्ये दोन जुन्या संस्थांचे एकत्रीकरण करून ‘कापार्ट’ ही परिषद स्थापन झाली. लोकसहभाग आणि ग्रामीण तंत्रज्ञान यांसाठी स्वयंसेवी संस्थांना थेट अनुदान देणे हे तिचे काम होते. दिल्लीपर्यंत न जाता लहान संस्थांना दाद मागता यावी यासाठी प्रादेशिक समित्या नेमल्या गेल्या व त्यांपैकी एकीचे कार्यालय जयपूर येथे होते.

कल्पना उत्तम होती. व्यवहारात मात्र अनुदानाच्या वासाने उभ्या राहिलेल्या संस्थांचे पीक आले. कापार्टला कालांतराने काळ्या यादीतील संस्थांची नावे प्रसिद्ध करावी लागली आणि ती यादी लांबत गेली. परिणामी नियम कडक झाले आणि त्या कडकपणाचा जाच प्रामाणिक पण अल्पशिक्षित कार्यकर्त्यांच्या संस्थांना अधिक झाला. कारण खोटी कागदपत्रे रचण्यात निष्णात असलेल्याला चार कागद अधिक मागितले म्हणून काही बिघडत नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारने स्वयंसेवी क्षेत्रासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. तोवर कापार्टचे महत्त्व ओसरू लागले होते. २०२० मध्ये ही परिषद हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेत विलीन करण्यात आली. आज मंत्रालये आपापल्या योजनांखाली अनुदान देतात. दिव्यांगांसाठीच्या संस्थांना दीनदयाळ पुनर्वसन योजना, ज्येष्ठ नागरिकांच्या निवासांसाठी अटल वयो अभ्युदय योजना, अशी त्यांची नावे विद्यार्थ्यांना परिचित असतील. या बदलात एक गोष्ट हरपली. पूर्वी संस्था गावाची गरज सांगत प्रस्ताव मांडत असे. आता योजना आधी असते आणि संस्था तिच्या चौकटीत बसते की नाही, हे पाहिले जाते.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही राजस्थानातच आहे. तिलोनियाच्या केंद्राने शिक्षक टिकत नसलेल्या गावांत स्थानिक तरुणांनाच प्रशिक्षण देऊन शाळा चालवण्याचा लहानसा प्रयोग केला होता. त्यातून १९८७ मध्ये सिडाच्या साह्याने राज्याचा ‘शिक्षाकर्मी’ प्रकल्प उभा राहिला. प्रयोग आधी आणि अनुदान नंतर असा क्रम असला की पैशाचे सार्थक होते, असे माझे मत आहे. महाराष्ट्रातील भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमानेही हेच तत्त्व निराळ्या रीतीने पाळले. तेथे पूर्ण निधी देण्यापूर्वी गावाला एका लहान क्षेत्रावर काम करून दाखवावे लागे, श्रमदानाचा ठरलेला वाटा उचलावा लागे आणि मगच नाबार्डमार्फत मोठी रक्कम येत असे.

जयपूर फूट : मिश्र निधीचे सामर्थ्य

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, अनवाणी चालता येईल आणि मांडी घालून बसता येईल असा कृत्रिम पाय विकसित केला. शोध लागला तरी पहिल्या काही वर्षांत त्याचा लाभ फार थोड्यांना मिळाला. १९७५ मध्ये भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी देवेंद्र राज मेहता यांच्या पुढाकाराने ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन झाली आणि चित्र पालटले. आजवर लाखो व्यक्तींना कृत्रिम पाय, कॅलिपर व अन्य साधने समितीने विनामूल्य दिली आहेत. तंत्र तेच होते. वाढली ती संस्था आणि तिच्या पाठीशी असलेला निधी.

या निधीची घडण पाहण्यासारखी आहे. केंद्र सरकारने १९८१ मध्ये सुरू केलेल्या, ‘एडिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून दिव्यांगांना साधने देण्यासाठी अंमलबजावणी संस्थांना अनुदान मिळते आणि समिती त्याचा लाभ घेते. पण या योजनेत लाभार्थ्याला उत्पन्नमर्यादा आहे, साधनाच्या किमतीलाही मर्यादा आहे आणि प्रत्येक लाभार्थ्यामागे कागदपत्रे लागतात. जयपूरला येणारा मनुष्य मात्र आधी वेळ ठरवून येत नाही. दूरच्या खेड्यातून रात्री-अपरात्री आलेल्या माणसाला राहायला जागा, जेवण आणि शक्य तितक्या लवकर पाय द्यावयाचा, ही समितीची रीत आहे. उत्पन्नाचा दाखला घरी राहिला म्हणून त्याला परत पाठवावयाचे नसेल, तर अटीविना आलेला पैसा हाताशी लागतो. तो व्यक्तींच्या व विश्वस्त निधींच्या देणग्यांतून येतो. राजस्थानात अशा दात्याला ‘भामाशाह’ म्हणतात. महाराणा प्रताप यांना आपले धन अर्पण करणाऱ्या मंत्र्याचे हे नाव तेथे इतके रुजले आहे की, शाळांना देणगी देणाऱ्यांचा राज्य सरकारकडून होणारा गौरवही त्याच नावाने होतो.

शासकीय अनुदान संख्या वाढवते आणि मुक्त देणगी माणुसकीला जागा ठेवते, असा हा संयोग आहे. संशोधनासाठीही तो उपयोगी पडला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने विकसित झालेला स्वस्त ‘जयपूर नी’ हा कृत्रिम गुडघा २००९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या उल्लेखनीय शोधांच्या यादीत समाविष्ट झाला. पण हा मार्ग सर्वांना खुला नाही, हेही ध्यानी घ्यावे. तुटलेला पाय डोळ्यांना दिसतो आणि बसवलेला पाय छायाचित्रात दिसतो. किमान वेतन न मिळालेल्या मजुराचे किंवा छळ सोसणाऱ्या स्त्रीचे काम करणाऱ्या संस्थेला भामाशाह सहसा भेटत नाहीत.

कंपन्यांचा निधी आणि परकीय अंशदान

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याचे कलम १३५ अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावी, अशी ही तरतूद आहे. १ एप्रिल २०२१ पासून हा निधी घेणाऱ्या संस्थांना कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ या नमुन्यात नोंदणी करावी लागते. कायदा कंपनीच्या कार्यक्षेत्राच्या परिसराला अग्रक्रम देण्यास सांगतो. हे वरकरणी न्याय्य वाटते. परंतु त्यामुळे जेथे उद्योग तेथे निधी, असा ओघ तयार होतो. हा खर्च सर्वाधिक नोंदवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र सातत्याने आघाडीवर राहिला, पण त्याचा अर्थ गडचिरोली वा नंदुरबारच्या संस्थेला निधी सहज मिळतो असा नाही. २०१८ च्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात राजस्थानातील धौलपूर, करौली, बारां, सिरोही व जैसलमेर या जिल्ह्यांची निवड झाली. बारांतील सहारिया आदिवासींमध्ये काम करणाऱ्या एखाद्या गटाला जयपूरच्या कंपनी कार्यालयाचा दरवाजा तितकाच दूर आहे.

परकीय निधीचे नियमन १९७६ पासून होत आले आहे. २०१० चा विदेशी अंशदान (विनियमन) कायदा मे २०११ पासून लागू झाला आणि २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार विदेशी अंशदान प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावे लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली आणि एका संस्थेने मिळालेले अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी झाली. नोएल हार्पर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी या दुरुस्त्या वैध ठरवल्या. राष्ट्रीय सुरक्षा व हिशेबाची पारदर्शकता ही शासनाची भूमिका समजण्यासारखी आहे. मात्र तिसऱ्या तरतुदीचा परिणाम परीक्षार्थींनी नीट समजून घ्यावा. शहरातील मोठी संस्था परदेशी दात्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करी, हिशेबाची जबाबदारी घेई आणि तालुक्यातील दहा-वीस लहान गटांना थोडी थोडी रक्कम पोहोचवी. निधीच्या या पोटकालव्यांतून परकीय पैसा वाहणे आता थांबले आहे.

टक्केवारीचे अर्थशास्त्र

प्रशासकीय खर्चावरील मर्यादा हा विषय रूक्ष वाटेल, पण संस्थांचे भवितव्य येथेच ठरते. समजा, एका लहान संस्थेला वर्षाला १० लाख रुपयांचे अनुदान आहे. लेखापालास दरमहा १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये. कार्यालयाचे भाडे दरमहा ६,००० प्रमाणे ७२,०००. लेखापरीक्षणाचे ३०,००० आणि कार्यालयीन प्रवास, टपाल, दूरध्वनी यांचे ६०,०००. एकूण ३,०६,००० रुपये झाले. २० टक्क्यांच्या मर्यादेत बसतात केवळ २,००,०००. उरलेले १,०६,००० रुपये संस्थेने कोठून आणावेत? ५ कोटी रुपयांचे अंशदान मिळवणाऱ्या संस्थेला हीच मर्यादा १ कोटी रुपयांची मोकळीक देते. लेखापाल दोघांनाही लागतो, कार्यालयही लागते. स्थिर खर्च संस्थेच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. सरसकट टक्केवारी ठरवताना त्याचा विसर पडतो. परिणाम असा की मोठ्या संस्था अधिक मोठ्या होतात, आणि लहानांना एक तर पगार कमी द्यावे लागतात किंवा खर्चाचे शीर्षक बदलावे लागते. दुसरा मार्ग अप्रामाणिकपणाचा आहे आणि नियमच त्याकडे ढकलतो.

येथे परीक्षेत नेहमी होणारी एक गल्लत सांगणे आवश्यक आहे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतील ५ टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागू आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. तरीही अनेक कंपन्यांचे अधिकारी संस्थांशी बोलताना हाच आकडा पुढे करतात. तसेच विदेशी अंशदानाच्या नियमांत रुग्णालयातील डॉक्टर किंवा शाळेतील शिक्षक यांचे वेतन प्रशासकीय खर्चात धरले जात नाही. म्हणून दवाखाना चालवणारी संस्था या मर्यादेत आरामात बसते, तर लोकांना कायद्याची माहिती देणारी, संघटन करणारी संस्था अडचणीत येते. नियमाने तसे कोठेही म्हटलेले नसले, तरी सेवा देणाऱ्या कामाला वाव आणि हक्कांच्या कामाला अडथळा, असा कल त्यातून निर्माण होतो.

अनुदान घेऊन बोलणारे, न घेता बोलणारे

अनुदान घेतल्यावर संस्थेचे तोंड बंद होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सरसकट खरा नाही. राजस्थानात दुष्काळी कामांवरील मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली जात असे, आणि १९६४ च्या राज्य कायद्याने तशी सूट घेतली होती. तिलोनियाच्या केंद्राचे संचालक या नात्याने बंकर रॉय यांनी त्यास आव्हान दिले. ‘संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य’ (१९८३) या नावाने प्रसिद्ध असलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर काम करून घेणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ चे उल्लंघन ठरवले. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचा प्रमुख राज्य सरकारविरुद्ध उभा राहिला आणि जिंकला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा १९९७ चा ‘विशाखा’ निकालही जयपूरच्या महिला संस्थेच्या नावाने ओळखला जातो. राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करणाऱ्या स्त्रीवरील अत्याचार त्या याचिकेच्या मुळाशी होता.

तथापि प्रत्येक संस्थेला असे धैर्य परवडत नाही, हे ओळखून अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १ मे १९९० रोजी ‘मजदूर किसान शक्ती संघटन’ स्थापन करताना वेगळा निर्णय घेतला. अरुणा रॉय यांनी भारतीय प्रशासन सेवा सोडून काही वर्षे तिलोनियात काम केले होते, त्यामुळे अनुदानाचे गुणदोष त्यांनी जवळून पाहिले होते. राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या खेड्यातून चालणाऱ्या या संघटनेने कोणत्याही संस्थेकडून अनुदान न घेण्याचे ठरवले. पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी किमान वेतनाइतक्याच मानधनावर राहावे आणि खर्च व्यक्तींच्या देणग्यांतून भागवावा, ही पद्धत पडली. संघटनेने वाजवी भावाची किराणा दुकानेही चालवली.

या निर्णयाची किंमत होती : इमारत नाही, मोठा कर्मचारी वर्ग नाही. पण मोबदलाही होता. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सार्वजनिक कामांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली गेली आणि कामावर कधी न गेलेल्यांची नावे लोकांनी स्वतःच ओळखली. १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवसांचे आणि १९९७ मध्ये जयपूर येथे ५३ दिवसांचे धरणे झाले. २००० मध्ये राजस्थानचा आणि २००५ मध्ये केंद्राचा माहिती अधिकार कायदा झाला. सरकारकडे हिशेब मागणाऱ्याला ‘तुमचा हिशेब काय?’ असा प्रतिप्रश्न हमखास होतो. संघटनेला त्याचे उत्तर देणे सोपे होते. अर्थात सर्वांनी हाच मार्ग धरावा, असे म्हणता येणार नाही. कृत्रिम पाय किमान वेतनाच्या बचतीतून बनत नाहीत.

लहान गटांपुढील वाटा

स्वयंसेवी संस्थांच्या निधीसाठी २०१९ च्या अर्थसंकल्पात ‘सामाजिक शेअर बाजारा’ची घोषणा झाली आणि २०२२ मध्ये सेबीने त्याचे नियम केले. ‘शून्य व्याज, शून्य मुद्दल’ रोख्यांद्वारे संस्था निधी उभारते. गुंतवणूकदाराला पैसा परत मिळत नाही, मिळतो तो कामाचा अहवाल. पहिली नोंदणी डिसेंबर २०२३ मध्ये झाली. त्याआधी महिनाभर सेबीने किमान उभारणीची रक्कम १ कोटीवरून ५० लाख रुपयांवर आणि किमान अर्ज २ लाखांवरून १०,००० रुपयांवर आणला होता. जयपूर फूटच्या समितीचे संस्थापक मेहता हे १९९५ ते २००२ या काळात सेबीचे अध्यक्ष होते, हा योगायोग मनोरंजक म्हणावा लागेल. तरीही ५० लाख रुपये उभारण्याची ताकद असलेली संस्था लहान म्हणता येत नाही.

गावातील बारा-पंधरा स्त्रियांच्या गटाला वेगळी वाट आहे. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून, म्हणजे राजस्थानात ‘राजीविका’ व महाराष्ट्रात ‘उमेद’मार्फत, स्वयंसहाय्य गटाला फिरता निधी व समुदाय गुंतवणूक निधी मिळतो. या निधीचे वैशिष्ट्य असे की तो खर्चून संपत नाही : गट तो सदस्यांना कर्जाऊ देतो, परतफेड गटाकडे वा ग्रामसंघाकडे येते आणि पुन्हा फिरतो. अटी बाहेरच्या असल्या तरी रोजचा निर्णय गटाच्या बैठकीत होतो. नोंदणीकृत लहान संस्थांनाही २०२५ च्या वित्त कायद्याने थोडा दिलासा दिला : मागील दोन्ही वर्षांत ज्यांचे उत्पन्न ५ कोटी रुपयांपेक्षा अधिक नाही, त्यांच्या प्राप्तिकर नोंदणीची मुदत ५ ऐवजी १० वर्षे करण्यात आली.

हिशेब मागण्याचा अधिकार मात्र आता दात्यापुरता राहिलेला नाही. १७ सप्टेंबर २०१९ रोजी डी.ए.व्ही. महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शासनाकडून भरीव अर्थसाह्य मिळणारी अशासकीय संस्था माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येते. ‘भरीव’ म्हणजे निम्म्याहून अधिकच असे नाही. नाममात्र दराने दिलेली जमीनही त्यात धरली जाऊ शकते आणि निर्णय प्रत्येक प्रकरणाच्या तथ्यांवर होतो. अनुदान न घेणाऱ्या संघटनेने जयपूरच्या रस्त्यावर बसून मागितलेला अर्ज आज अनुदान घेणाऱ्या संस्थेच्या टेबलावर येऊ शकतो, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत त्याचे उत्तर द्यावे लागते.